काटा साठवर होता

हे खरं घडलेलं आहे. आधीच सांगते, कारण खाली "काहीही फेकता राव" असं लिहायला काही जणांची बोटं आत्ताच शिवशिवत असतील. ज्याच्यासोबत घडलं तो माझा सख्खा मामा. भूत, नजर, नशीब यातलं काहीच त्याला पटत नाही. बंद पडलेलं इंजिन उघडायचं, बिघाड शोधायचा आणि नाही सापडला तर सापडेपर्यंत सगळ्यांच्या डोक्याला ताप द्यायचा, असा त्याचा स्वभाव.

आणि भुताला रात्रच लागते असं वाटत असेल, तर तेही सोडा. हे घडलं यंदाच, गुरुवार ते रविवार. बरंचसं सकाळच्या लख्ख उजेडात, मामाच्या गॅरेजमध्ये.

आमच्याकडे शहराबाहेरच्या डोंगरावर वर्षातून एकदा गाड्यांची शर्यत असते. एकेक गाडी सोडतात आणि वरपर्यंत पोहोचायला किती वेळ लागला ते मोजतात. अकरा वळणं आहेत. त्यातलं सातवं सगळ्यात वाईट. लांबलचक, डावीकडे वळणारं, आणि उजव्या हाताला सरळ दरी.

त्याच वळणावर तीन वर्षांपूर्वी मामाचा भागीदार गेला.

त्यांना सगळे 'दमानं' म्हणायचे. दिवसातून पन्नास वेळा "दमानं घे" म्हणणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार? मामाचं डोकं तापायला इंजिनापेक्षा कमी वेळ लागतो. दमानंकाका म्हणजे अगदी उलट. दोघांचं वीस वर्षं कसं जमलं, हे आमच्या मामीला अजून कळलेलं नाही.

गाडी दमानंकाकाच चालवायचे. सातव्या वळणावर चालत्या गाडीचं इंजिन जागच्या जागी आवळलं, मागची चाकं जाम झाली, आणि गाडी खाली गेली.

मामानं सगळ्यांना एकच सांगितलं. "त्याच्या त्या नळकांड्यानं घात केला."

हे नळकांडं काय ते समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही, म्हणून थोडक्यात सांगते. इंजिनाच्या तळाशी तेलाचं चेंबर असतं. पंप तिथून तेल ओढतो आणि दाबानं बेअरिंगपर्यंत पोहोचवतो. जोरात वळलं की तेल चेंबरच्या एका कडेला पळतं. पंपाच्या तोंडात तेलाऐवजी हवा जाते, दाब पडतो, आणि कोरडी बेअरिंगं काही क्षणांत आवळतात. यावर उपाय म्हणून दमानंकाकांनी लेथवर स्वतः एक हातभर लांब नळकांडं बनवलं होतं. आत सरकणारा दट्ट्या. एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला तेल. इंजिन चालू असताना पंप त्यात तेल भरतो आणि हवा दाबली जाते. वळणावर दाब पडला की तीच दाबलेली हवा तेल परत इंजिनात ढकलते. तीन-चार सेकंदच, पण तेवढ्यात वळण संपतं.

त्याला तेलाची वाट उघड-बंद करणारा एक पितळी कॉक होता आणि दाब दाखवणारा छोटा काटा.

आणि एक शिस्त होती. इंजिन चालू असतानाच आधी कॉक बंद करायचा, मग चावी फिरवायची. म्हणजे दाबलेलं तेल आत कोंडून राहतं. दुसऱ्या दिवशी आधी कॉक उघडायचा, तेल बेअरिंगना पोहोचू द्यायचं, आणि मगच इंजिन चालू करायचं. उलटं केलं, म्हणजे कॉक उघडा ठेवून चावी बंद केली, तर सगळं तेल गळून चेंबरमध्ये जातं. मग सकाळी पंप आधी त्या रिकाम्या नळकांड्याचं पोट भरत बसतो. तोवर बेअरिंगं उपाशी.

यंदा दमानंकाकांच्या लेकीनं शर्यतीत उतरायचं ठरवलं. वय सत्तावीस, बापासारखीच शांत. दुसरी गाडी तयार करायला ती मामाकडेच आली, कारण तिच्या दृष्टीनं दुसरं होतंच कोण? मामानं जीव तोडून काम केलं. पण नळकांडं बसवायचं नाही, हे त्यानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

आणि तिथेच त्याच्या नाकी नऊ आले.

सरावाला गेलं की सहा वळणं ठीक. सातव्याला डॅशबोर्डवरचा तेलाच्या दाबाचा काटा शून्यावर. मामानं चेंबरमध्ये आडवे पत्रे बसवले. काटा शून्यावर. पंप बदलला. शून्यावर. लिटरभर तेल जास्त घातलं, तर काटा शून्यावर तो शून्यावरच, वर मागून निळा धूर. मामानं पाना फेकला, टेबलाला लाथ मारली आणि आठवडाभर लंगडत हिंडला.

शेवटी ती एका जुन्या टॉवेलात गुंडाळून ते नळकांडं घेऊन आली. अपघातातून शाबूत राहिलेलं, घासूनपुसून चकचकीत केलेलं.

"मी उघडून बघितलं, काका. दट्ट्या मस्त सरकतोय."

"तेव्हा अडकला होता."

"ओरखडासुद्धा नाहीये आत."

"तू मला शिकवणार?" मामा खेकसला. पण शर्यत चार दिवसांवर आली होती आणि त्यानं हात टेकले होते. गुरुवारी नळकांडं बसलं. संध्याकाळी इंजिन चालू करून पाहिलं. काटा साठवर. सगळं झकास.

सात वाजता मामीचा फोन आला, पाहुणे खोळंबलेत म्हणून. ती पोरगी आधीच घरी गेली होती. मामानं वैतागून चावी फिरवली, शटर ओढलं आणि निघाला.

घरी हात धुताना त्याच्या लक्षात आलं...

कॉक उघडाच राहिला होता.

पाहुण्यांसमोर तो घासही न घेता उठला. कारण ही चूक त्याच्याकडून दुसऱ्यांदा घडली होती. पहिल्या वेळेचं आजवर कोणालाच माहीत नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी त्यानं हेच केलं होतं. सकाळी गॅरेजमध्ये आला तर काटा तळाला. दमानंकाका अजून पोहोचायचे होते. ते आले असते तर तासभर बोलणी खावी लागली असती. म्हणून मामानं घाईघाईत तसंच इंजिन चालू केलं. आतून टकटक आवाज आला. सात-आठ सेकंद. मग काटा साठवर चढला, आवाज थांबला. दमानंकाका आले तेव्हा गाडी गरम होऊन उभी होती.

"तयार आहे," मामा म्हणाला होता.

बेअरिंगं तिथेच खाल्ली गेली होती. सातव्या वळणानं फक्त उरलेलं काम पुरं केलं.

शुक्रवारी उजाडताच मामा गॅरेजवर. प्लग काढून, इंजिन हळूहळू फिरवून आधी तेल चढवायचं, असं ठरवून आलेला. बॉनेट उघडलं.

कॉक बंद होता.

काटा... साठवर.

"मी बंद केला असेल," तो मोठ्यानं म्हणाला. कोणी ऐकायला नव्हतं.

दिवसभर त्याची चिडचिड चालली होती. त्याला बिघाड चालतो, पण आपोआप नीट झालेलं चालत नाही. संध्याकाळी त्यानं परीक्षाच घ्यायची ठरवली. इंजिन चालवलं, काटा साठवर आणला आणि कॉक मुद्दाम उघडा ठेवून चावी बंद केली. मग शेजारी स्टूल घेऊन बसला. आतून तेल उतरत होतं. सर्र... मग टप... टप... काटा पन्नास, तीस, सात. नळकांडं रिकामं. त्यानं मोबाईलवर फोटो काढला. शटरला दोन कुलपं लावली आणि दोन्ही किल्ल्या खिशात टाकल्या.

दुसरं कुलूप लावताना आतून आवाज आला...

टक.

तापलेला पत्रा गार होताना वाजतो, हे मामाला आपल्या सगळ्यांपेक्षा चांगलं माहीत आहे. तो हेच स्वतःला घरापर्यंत सांगत गेला.

शनिवार. सकाळचे सात. दोन्ही कुलपं जशीच्या तशी.

कॉक बंद.

काटा साठवर.

मामानं मोबाईल काढला. फोटोत काटा सातवर, कॉक उघडा. समोर काटा साठवर, कॉक बंद. मग त्यानं चेंबरमधली पट्टी काढून तेल मोजलं. बरोबर दीड लिटर कमी. नळकांड्यात मावतं तेवढंच. म्हणजे तेल चेंबरमधून खरोखरच वर चढलं होतं. इंजिन फिरल्याशिवाय पंप फिरत नाही. पंप फिरल्याशिवाय तेल चढत नाही. आणि बॉनेटखालचं सगळं थंडगार.

तळपायाची आग मस्तकात गेली त्याच्या. भीती नंतर वाटली. आधी रागच आला.

"माझ्या चुका निस्तरायला येतोस?" तो रिकाम्या गॅरेजमध्ये ओरडला. "मग तेव्हा का नाही बंद केलास?"

उत्तर त्याचं त्यालाच माहीत होतं. तेव्हा दमानं जिवंत होता. जिवंत माणूस दोन ठिकाणी कसा असणार? तो बिचारा घरी होता, मामाच्या भरवशावर.

मामा स्टूलवर बसला आणि मोबाईलमधला फोटो परत परत बघत राहिला.

रविवारी सकाळी साडेनऊ. डोंगराच्या पायथ्याशी गाड्यांची रांग. लेकीची गाडी पुढून तिसरी. मामानं बॉनेट उघडलं आणि कॉकला हात घातला.

कॉक हलेना.

त्यानं जोर लावला. पकड लावली. पाना लावला. हातोडीनं हलकेच ठोकून पाहिलं. गेले तीन दिवस लोण्यासारखा फिरणारा कॉक, जणू कोणी पलीकडून धरून ठेवलेला. काटा मात्र साठवर. तेल आत कोंडलेलं, आणि बाहेर यायला वाट नाही.

पुढची गाडी सुटली. आता मध्ये एकच राहिली होती.

"राहू दे, काका," ती म्हणाली. हेल्मेट हातात होतं. "बंदच बरं."

"बंद कसं बरं? सातव्याला काटा शून्यावर येईल!"

"जरा हळू घेईन तिथं."

"हळू घेऊनही येतो! आठवडाभर बघितलंस ना डोळ्यांनी?"

"मग काय करू? बाबा या नळकांड्यामुळे गेले, हे तुम्हीच सांगितलंत ना? मीच हट्टानं बसवलं. आता उघडत नाही, तर कदाचित बाबांनाच नको असेल."

मामा मला म्हणाला, "त्या क्षणी मला कळलं. तीन वर्षांपूर्वी मी जे खोटं बोललो, तेच आता हिला दरीत घेऊन चाललंय."

कर्ण्यावरून तिचा नंबर पुकारला गेला.

"नळकांड्यानं नाही गेला तुझा बाप," मामा म्हणाला. "माझ्यामुळे गेला."

आणि त्यानं सगळं सांगितलं. उघडा राहिलेला कॉक, सकाळचा तळाला गेलेला काटा, ती टकटक, "तयार आहे" म्हणाला होता ते. मागच्या गाडीवाला हॉर्न वाजवत होता. झेंडेवाला हातवारे करत होता. ती हलली नाही.

"त्या संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो होतो," ती शेवटी म्हणाली. "बाबांनी तुम्हाला फोन केला होता. स्पीकरवर. 'कॉक बंद केलास ना?' असं विचारलं त्यांनी. आठवतंय?"

मामानं मान डोलावली.

"तुम्ही काय म्हणालात, काका?"

"हो म्हणालो."

"बघून म्हणालात?"

"नाही."

"'हो रे बाबा, हो. तू जेव मुकाट्यानं.' असं म्हणालात. मी हसले होते." ती पुढे झाली. तिनं दोन बोटं कॉकवर ठेवली.

टक.

कॉक अलगद फिरला. तेल आत गेल्याचा सुस्कारा आला आणि डॅशबोर्डवरचा काटा इंजिन बंद असतानाच वर चढला. ती आत बसली, पट्टा लावला, इंजिन चालू केलं. मामाकडे तिनं पाहिलं नाही.

मामानं शर्यत पाहिली नाही. तो गवतात खाली बसला आणि कर्ण्याकडे कान लावून राहिला. चौथं पार. पाचवं पार. सहावं पार. मग कर्णा खरखरला.

"सातवं पार."

त्यानं तोंड दोन्ही हातांत लपवलं. साठीकडे झुकलेला माणूस, चारचौघांत रडला.

अर्ध्या तासानं ती खाली आली. इंजिन चालू ठेवून आधी कॉक बंद केला, मग चावी फिरवली. हातमोजे काढता काढता एवढंच म्हणाली, "सातव्यालासुद्धा काटा साठवरून हलला नाही."

मामा हबकलाच. नळकांडं असलं तरी काटा थोडा पडतोच. पडायलाच हवा. हवा पसरते, दाब उतरतो. साठवर तो राहूच शकत नाही, मागून कोणी ढकलत असल्याशिवाय. पण हे तिला सांगायला तो पुढे झाला, तोवर तिनं पाठ फिरवली होती. गाडी ट्रकवर चढवली आणि घेऊन गेली. परत ती मामाच्या गॅरेजची पायरी चढली नाही. फोनही उचलत नाही.

तुम्हाला वाटेल, मामानं कबूल केलं, पोरगी वाचली, संपलं. मलाही तसंच वाटलं होतं.

सोमवारी संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मामाचा मोबाईल वाजला. स्क्रीनवर नंबर नव्हता. मामानं उचलला, दोन शब्द बोलला, ठेवला. मामीनं विचारलं तर म्हणाला, चुकून लागला.

मंगळवारी तीच वेळ. बुधवारीही. नंतर रोजच. मामानं सिमकार्ड बदललं. उपयोग शून्य. मोबाईल बंद करून कपाटात ठेवला. कपाटात वाजला. कंपनीच्या माणसाशी तासभर भांडला. तो म्हणे, "साहेब, तुम्हाला सात वाजता एकही फोन आलेला नाही."

गेल्या आठवड्यात मी तिथे होते. दुपारपासून मामा काम सोडून येरझाऱ्या घालत होता आणि स्वतःशी पुटपुटत होता. मला वाटलं, लागलं याला वेड. सात दहाला मोबाईल वाजला. त्यानं कानाला लावला. मी अगदी शेजारी उभी होते. पलीकडून आवाज येत होते...

ताटवाट्यांचे.

आणि एका मुलीच्या हसण्याचा.

मग एक पुरुषी आवाज काहीतरी बोलला. शब्द मला कळले नाहीत. मामाला कळले. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या. ओठ वाकडेतिकडे व्हायला लागले. घामानं शर्ट भिजला. काहीतरी बोलायचा तो जिवाच्या आकांतानं प्रयत्न करत होता. आणि मग तोंडातून सहज, हसत, तीन वर्षांपूर्वीच्या तरतरीत आवाजात बाहेर पडलं,

"हो रे बाबा, हो. तू जेव मुकाट्यानं."

फोन कट.

मामानं मोबाईल भिंतीवर आपटला. तो फुटला नाही. फुटतच नाही तो.

"रोज!" तो ओरडला. "रोज ठरवतो, आज खरं सांगायचं. त्याला उद्या वर जाऊ द्यायचं नाही. तीन शब्द आहेत गं, फक्त तीन शब्द! आणि तोंडातून रोज तेच बाहेर पडतं!"

मी त्याला पाणी आणून दिलं. तुम्हाला यावर काही सुचत असेल तर सांगा, टिंगल नको.

हे मी गॅरेजमध्येच बसून लिहितेय. सातला पाच कमी आहेत. मामानं आज एका पुठ्ठ्यावर काळ्या रंगानं मोठ्या अक्षरांत लिहून आणलंय, "नाही, उघडा राहिला." पुठ्ठा समोर धरून तो मोठ्यानं वाचतोय, परत परत.

अजून एकदाही त्याला ते वाचता आलेलं नाही.